इतिहासाचा प्रकल्प : प्रश्न मुलांचा, साधने आपल्या घरातली

वर्षाच्या मध्यावर कधीतरी माध्यमिक शाळेतील मुलांच्या दप्तरातून इतिहासाचा प्रकल्प घरी येतो. सिंगापूरच्या शासकीय शाळांत पहिल्या दोन माध्यमिक वर्षांत त्याला ‘हिस्टॉरिकल इन्व्हेस्टिगेशन’, म्हणजे ऐतिहासिक शोध, असे नाव आहे. मुलाने एक प्रश्न निवडायचा, त्यासाठी साधने जमवायची, ती एकमेकांशी ताडून पाहायची, निष्कर्ष मांडायचा आणि शेवटी आपण या निष्कर्षापर्यंत कसे आलो यावर चिंतन करायचे, असा त्याचा क्रम असतो. पुढील दोन वर्षांत इतिहास घेणारी मुले १८७० च्या दशकापासून १९९१ पर्यंतचे जग शिकतात. वसाहतवाद, दोन महायुद्धे, हिटलरची जर्मनी, लष्करशाहीचा जपान आणि शीतयुद्ध हे त्यातील विषय, आणि तेथेही साधनचिकित्सेला पाठांतराइतकेच महत्त्व असते. आपल्यातील काही कुटुंबांची मुले सीबीएसई शाळांत आहेत. तेथे अकरावी-बारावीला इतिहासाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रकल्पाचे असतात. आयबी अभ्यासक्रमात मुलाला २,२०० शब्दांचा स्वतंत्र शोधनिबंध लिहावा लागतो.

हौगांग परिसरात राहणाऱ्या आम्हा काही आंबेडकरी कुटुंबांत या प्रकल्पांवर बरीच चर्चा होते. आमच्यापैकी बहुतेक पालक संगणक क्षेत्रात काम करणारे. आपण स्वतः इतिहास शिकलो तो सनावळ्या पाठ करून आणि ‘टिपा लिहा’ सोडवून. त्यामुळे मुलांच्या हाती असा प्रकल्प आला की आपल्यातले दोन प्रकारचे पालक जागे होतात. एक म्हणतो, ‘आण इकडे, दोन तासांत स्लाइड करून देतो.’ दुसरा म्हणतो, ‘बाबासाहेबांवर कर, बाकी कशाला?’ दोघांचाही हेतू चांगला असतो, तरी दोघेही मुलाच्या हातून तीच गोष्ट काढून घेतात जिच्यासाठी हा प्रकल्प दिलेला असतो. ती गोष्ट म्हणजे मुलाचा स्वतःचा प्रश्न. या प्रश्नाशी आपल्या चळवळीचे नाते बरेच जुने आहे.

कोलंबियातील एक वर्ग

प्रकल्प पद्धतीला शिक्षणशास्त्रात मान्यता मिळवून देणारा लेख विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी सप्टेंबर १९१८ मध्ये ‘टीचर्स कॉलेज रेकॉर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. किलपॅट्रिक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न टीचर्स कॉलेजमध्ये शिकवत होते आणि जॉन ड्यूई यांच्या विचारांचे अनुयायी होते. विद्यार्थी करून, अनुभवून, प्रश्न सोडवून शिकतो ही ड्यूई यांची मांडणी. वर्ग ही लोकशाहीची तालीम आहे, हा विचार त्यांनी १९१६ च्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथात विस्ताराने मांडला. त्याच सुमारास, १९१३ ते १९१६ या काळात, कोलंबियामध्ये ड्यूई यांच्या वर्गात भीमराव रामजी आंबेडकर नावाचा एक भारतीय विद्यार्थी बसत होता. पुढे १९३६ साली ‘जातिसंहार’ लिहिताना बाबासाहेबांनी आपले हे गुरू नावानिशी स्मरले. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने बाबासाहेबांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली, त्याच्या चारच दिवस आधी ड्यूई यांचे निधन झाले होते.

प्रकल्प पद्धती बाबासाहेबांनी घडवली असे आम्हाला म्हणायचे नाही, तसा दावा करणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही ज्या वैचारिक वातावरणात ही पद्धती वाढली, त्याच वातावरणात आपल्या मुक्तिदात्याची बौद्धिक घडण झाली, एवढे निश्चित म्हणता येते.

त्याहून बोलके उदाहरण ९ मे १९१६ चे आहे. मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्या दिवशी पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. आज जगभर अभ्यासला जाणारा हा निबंध मुळात वर्गातील विद्यार्थ्याचे काम होते. त्याच्या शीर्षकात तीन गोष्टी आहेत : जातींची यंत्रणा, उगम आणि विकास. साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसलेला विद्यार्थी ‘माझ्यावर काय अन्याय झाला’ एवढेच लिहून थांबला असता, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने मात्र विचारले की ही व्यवस्था चालते कशी? जातीअंतर्गत विवाह हे तिचे मर्म आहे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तोपर्यंतच्या नामवंत अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. भोगलेल्या दुःखाचे त्याने तपासता येईल अशा प्रश्नात रूपांतर केले. आपल्या मुलांपुढे ठेवायला याहून चांगला नमुना आम्हाला तरी ठाऊक नाही.

घराजवळचे जग

जगाचा इतिहास म्हणजे दूरचा इतिहास, अशी मुलांची समजूत असते. ती दूर करायला हौगांगमधून फार लांब जावे लागत नाही. यिओ चू कांग रस्त्याजवळ, चुआन हो ॲव्हेन्यूवर, जपानी स्मशानभूमी उद्यान आहे. सुमारे २९,००० चौरस मीटर जागेत येथे ९१० थडगी आहेत. दक्षिण-पूर्व आशियातील जपानी दफनभूमींत ही सर्वांत मोठी. तिचा आरंभ १८९१ चा. एका जपानी वेश्यागृहमालकाने आपल्या रबराच्या मळ्यातील जमीन त्यासाठी दिली. परमुलखात निराधार मरण पावलेल्या तरुण जपानी स्त्रियांना मूठभर मातीही मिळत नव्हती, म्हणून.

या स्त्रियांना ‘कारायुकी-सान’ म्हणत. क्यूशू बेटावरील अमाकुसा आणि शिमाबारा या दरिद्री भागांतून त्या आणल्या जात आणि आज जेथे बुगिसची झगमगती दुकाने आहेत त्या भागातील गल्ल्यांत विकल्या जात. त्याच दफनभूमीत जपानच्या दक्षिण सेनेचे सरसेनापती फील्ड मार्शल तेराउची यांचे स्मारक आहे आणि युद्धगुन्ह्यांसाठी चांगी तुरुंगात फाशी दिलेल्यांचे अवशेषही आहेत. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडल्यानंतर जपानी सैन्याने ‘सूक चिंग’ नावाने चिनी नागरिकांचे जे हत्याकांड केले, त्याची आठवण या शहरातील अनेक घरांत आजही ताजी आहे. तरीही १९८७ साली या जागेला स्मृती-उद्यानाचा दर्जा मिळाला.

‘जपानी स्मशानभूमीची माहिती लिहा’ असा प्रकल्प घेतला तर मूल इंटरनेटवरून दोन पाने उतरवील आणि काम संपेल. ‘या एकाच जागेत कोणाची आठवण मोठ्या दगडावर आहे आणि कोणाची लहान दगडावर? असे का?’ असा प्रश्न घेतला, तर त्याला प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागेल, दगडांची मोजदाद करावी लागेल, वहीत आराखडा काढावा लागेल. गरीब घरातली विकली गेलेली मुलगी आणि सेनापती हे दोघे ‘जपानी’ या एकाच शब्दात मावतात का, हा विचार मग आपोआप पुढे येतो. एका राष्ट्राच्या नावाखाली किती वेगवेगळी माणसे दडलेली असतात, हे ज्याला हौगांगमध्ये कळले त्याला ‘भारतीय समाज’ या शब्दाकडेही नीट पाहता येईल.

सिंगापूरमधील भारतीयांचा इतिहासही असाच. १८२५ पासून पुढे जवळजवळ अर्धशतक भारतातून आणलेल्या कैद्यांनी येथील रस्ते बांधले. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि आज राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेली इस्ताना या इमारतींत त्यांचे श्रम आहेत. स्थलांतरितांबरोबर जातही बोटीत चढली होती का, हा प्रश्न घ्यायचा तर त्याचीही साधने आहेत. पेरियार ई. व्ही. रामसामी १९२९ च्या अखेरीस मलाया-सिंगापूरच्या दौऱ्यावर आले. १९३२ साली येथे तमिळ सुधारणा संघ स्थापन झाला. त्यातील अग्रणी जी. सारंगपाणी यांनी १९३५ मध्ये ‘तमिळ मुरसू’ सुरू केले आणि ते आजही निघते. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘न्यूजपेपरएसजी’ या संग्रहात येथील जुनी वृत्तपत्रे घरबसल्या चाळता येतात. राष्ट्रीय अभिलेखागारात १९७९ पासून जमवलेल्या मौखिक मुलाखती आहेत. मुलाने ‘आंबेडकर’ हा शब्द टाकून १९३० ते १९५६ ची पाने शोधावीत. आपल्या नेत्याकडे या बेटावरील संपादक कोणत्या नजरेने पाहत होते, हे त्याने स्वतः वाचावे.

आपल्या घरातील साधने

शाळा प्रकल्पासाठी ‘प्राथमिक साधन’ मागते, तेव्हा आपल्या अनेक घरांत शांतता पसरते. वाडा नाही, सनद नाही, तलवार नाही, पणजोबांचे तैलचित्र तर नाहीच. कौटुंबिक वारसावस्तू आणायला सांगितल्यावर वर्गातील इतर मुले चांदीची भांडी आणतात आणि आपले मूल रिकाम्या हाताने जाते. पण ज्या समाजाला लिहिण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्याची साधने कागदावर कमी आणि माणसांत अधिक असतात.

जात्यावरच्या ओव्यांचेच पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत असतो, आणि त्यात बाबासाहेबांवर दलित स्त्रियांनी रचलेल्या ओव्याही आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीने आपल्या काळाची दिलेली ही साक्ष आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा १९८९ चा ग्रंथ तर मौखिक इतिहास कसा लिहावा याचा वस्तुपाठच. चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून तो सिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंडही आता कोणालाही उघडता येतात. घरात आजोबांचे सैन्यातील सेवापुस्तक, गिरणीचा बिल्ला, रेल्वेचा पास, जलशाच्या गाण्यांची हस्तलिखित वही असे काही निघाले, तर ते चांदीच्या भांड्याहून अधिक बोलते.

जागतिक इतिहासाशी थेट जोडणारे एक साधन आम्ही मुलांना आवर्जून दाखवतो. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना एक छोटे पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका संघटनेने नुकताच संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केला होता, त्याच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या. ३१ जुलै १९४६ रोजी ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहात आहे आणि मूळ पानांची छायाचित्रे संगणकावर पाहता येतात.

या दोन पत्रांवर एक संपूर्ण प्रकल्प उभा राहू शकतो. पत्र कोणी, कोणाला, कधी लिहिले? त्याच वर्षी मे महिन्यात कॅबिनेट मिशनने आपली योजना जाहीर केली होती. अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची बाबासाहेबांना काळजी लागली होती. मग त्यांची नजर संयुक्त राष्ट्रसंघाकडे का वळली? या पत्रांवरून काय सिद्ध होते? दोन पीडित समाजांच्या नेत्यांना एकमेकांच्या लढ्यातील साम्य दिसत होते, एवढे निश्चित. आणि काय सिद्ध होत नाही? अस्पृश्यांचा प्रश्न तेव्हा राष्ट्रसंघात मांडला गेला, असे या दोन पत्रांवरून म्हणता येत नाही. साधन कोठे बोलते आणि कोठे गप्प बसते, हे ज्या मुलाने मांडले त्याने जे शिकायचे ते शिकून घेतले.

जेथे जपून पाऊल टाकावे

आमच्या परिचयातील एका मुलीच्या वर्गात जगातील प्राचीन समाजरचनांवर गटप्रकल्प होता. गटाने परस्पर ठरवले, ‘तू भारतीय, तू जातीचा भाग कर.’ तिने त्रिकोणी चित्र काढावे, त्यात चार वर्ण दाखवावेत आणि सादरीकरणाच्या वेळी आपल्या घराचा अनुभव सांगावा, अशी अपेक्षा होती. ‘तुमची जात कोणती?’ हा प्रश्न वर्गात सहज विचारला गेला. विचारणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. मुलगी मात्र दोन दिवस जेवणावर रुसून होती.

अशा वेळी आई-वडिलांचे एकमत होत नाही. एक म्हणतो, अभिमानाने सांग. दुसरा म्हणतो, कशाला सांगायचे, इथे कोणाला काय कळते! आमचे मत असे की ओळख सांगायची की नाही, केव्हा आणि कोणाला, हा निर्णय त्या मुलीचा आहे. जातीवर अभ्यासपूर्ण प्रकल्प करणे वेगळे आणि वर्गापुढे स्वतः नमुना म्हणून उभे राहणे वेगळे. बाबासाहेबांच्या १९१६ च्या निबंधात जातीची कठोर चिकित्सा आहे, स्वतःच्या जखमांचे प्रदर्शन नाही. शिक्षकांना शांतपणे भेटून एवढे सांगितले तर बहुतेक शिक्षक समजून घेतात. त्या मुलीने पुढे त्रिकोणाचे चित्रच प्रश्नाखाली आणले : हे चित्र कोणी काढले, त्यात अस्पृश्य कोठे आहेत, आणि आदिवासी कोठे आहेत?

पाठ्यपुस्तकात जातीविषयी काय छापावे हा प्रश्न किरकोळ नाही, हे अमेरिकेतील आपल्या बांधवांनी अनुभवले आहे. कॅलिफोर्नियात २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये शालेय इतिहासातील जात आणि अस्पृश्यता यांच्या उल्लेखांवरून मोठा वाद झाला. तेथील दलित कुटुंबांनी शिक्षण मंडळापुढे उभे राहून आपली बाजू मांडली. आपण बोललो नाही तर आपल्याविषयी दुसरे लिहितात. आणि आपण बोलायचे तर पुराव्यानिशी बोलले पाहिजे.

म्हणून एक जबाबदारी आपल्यावरही येते. बाबासाहेबांविषयीचे कितीतरी संदेश आपल्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतात. अमुक विद्यापीठाच्या यादीत पहिला क्रमांक, तमुक इतक्या पदव्या, इतक्या भाषा. यादी कोणी केली, केव्हा केली, मूळ कागद कोठे आहे, हे त्याखाली नसते. मुलाने असा दावा प्रकल्पात उतरवला आणि शिक्षकांनी साधन विचारले, तर मान खाली त्या मुलाला घालावी लागते. बाबासाहेबांची थोरवी अशा टेकूंवर उभी नाही. १९१५ ची एम.ए., १९२७ ची पीएच.डी. आणि त्यांचे ग्रंथ नोंदींनिशी उपलब्ध आहेत. कालामांना तथागतांनी सांगितले होते की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. आपण ज्या धम्माचे वारस आहोत त्यात साधनचिकित्सा अशी मुळातच आहे. ती आपल्या श्रद्धास्थानांनाही लागू करायची तयारी हवी.

पालकांनी काय करावे

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सुचवतो. पहिल्या आठवड्यात मुलाला उत्तर सांगू नये, त्याचे पाच प्रश्न लिहून घ्यावेत आणि त्यांतला एक त्यालाच निवडू द्यावा. त्याने फुटबॉलचा इतिहास निवडला तरी चालेल. पुरावा मागण्याची सवय लागली की पुढे ती सगळीकडे कामाला येते. दुसरे, साधन शोधायला बरोबर जावे. ग्रंथालयात, स्मशानभूमीत, क्रांजीच्या युद्धस्मारकापाशी. संगणकाला विचारले की आज दोन मिनिटांत नीटनेटका निबंध मिळतो, हे आपल्या व्यवसायातील लोकांना वेगळे सांगायला नको. पण त्या निबंधातील प्रत्येक विधानाचा मूळ कागद दाखव, एवढी एक अट मुलाला घालावी. तिसरे, दोन साधने एकमेकांशी जुळली नाहीत तर घाबरू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला किती लोक जमले याचे वेगवेगळे आकडे छापलेले आहेत. एकच आकडा खरा मानून पुढे जाण्यापेक्षा आकडे वेगळे का आले हे मुलाने लिहावे. चौथे, भाषा. आजीची मुलाखत मराठीतच घ्यावी, तिचे शब्द तसेच उतरवावेत आणि भाषांतर खाली द्यावे. आपल्या मुलांची मराठी तुटत चालली आहे असे आपण नेहमी म्हणतो. ती जोडण्याचे एक निमित्त शाळेनेच हाती दिले आहे.

या चौथ्या सूचनेला फार वेळ उरलेला नाही. दीक्षाभूमीवर वडिलांच्या खांद्यावर बसून आलेले मूल आज सत्तरी ओलांडून गेले आहे, आणि त्या दिवशी स्वतः बावीस प्रतिज्ञा उच्चारणारे तरुण नव्वदीच्या घरात आहेत. नागपूर, अकोला, औरंगाबाद, परळ, नायगाव, जिथे जिथे आपले आई-वडील आणि त्यांचे आई-वडील आहेत, तिथे ही माणसे हळूहळू कमी होत आहेत. त्यांच्या आठवणी कोणत्याही अभिलेखागारात जमा झालेल्या नाहीत.

येत्या रविवारी नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर ‘जेवलात का, तब्येत कशी आहे’ झाल्यावर फोन मुलाच्या हाती द्यावा. प्रश्न साधे असावेत. तुमच्या गावात पाणी कोठून आणत असत? शाळेत कोठे बसवत? दीक्षेला कोण कोण गेले, कशाने गेले, बरोबर भाकरी काय बांधली होती? परत आल्यावर घरातील देव्हाऱ्याचे काय केले? मध्ये बोलू नये, दुरुस्त करू नये. बोलणे ध्वनिमुद्रित करावे. त्याला तारीख, स्थळ, सांगणाऱ्याचे नाव आणि तेव्हाचे वय जोडावे आणि त्याची एक प्रत गावी, एक येथे ठेवावी. शाळेचा प्रकल्प काही आठवड्यांत संपेल. ही प्रत जपून ठेवावी.

जय भीम!